गुडघे टेकणारी गाडी

टेमा
४ जून २०१८

सासूबाई आफुआ दुफी यांस,

एबो क्वान्साचा नमस्कार. आपली तब्येत ठीक असेल असे समजून सरळ मुद्द्यावर येतो.

गेल्या आठवड्यात माझी बहीण आराबा माम्पोंगच्या बाजारात होती. तिथे तिने माझी गाडी पाहिली. आधी ओळखूच आली नाही म्हणे, कारण गाडी वीतभर उंच झालेली होती. "टेकाडावर चढलेल्या बोकडासारखी उभी होती," हे तिचे शब्द. तिने तुमच्या बहिणीच्या मुलाला, येबोआला विचारले. तो छाती फुगवून म्हणाला, हवेच्या पिशव्या काढून टाकल्या, सुआमेच्या ओडुरो फिटरकडून चारही चाकांवर लोखंडी स्प्रिंगा आणि साधे शॉकअप बसवून घेतले, मावशीच्या हुकमावरून.

कोणाला विचारून?

ती गाडी चार हवेच्या पिशव्यांवर उभी राहत असे. बटण दाबले की हवा सुटे आणि गाडी दारापाशी खाली बसे. पुन्हा दाबले की उठे. तिच्यासारखी दुसरी तुमच्या अख्ख्या तालुक्यात नाही. तुम्ही तिचे पाय कापलेत आणि तिथे खाटेचे खूर ठोकलेत.

गाडीचे कागद माझ्या नावावर आहेत. मी ती तुमच्या लेकीला, सेरवाला दिली होती असे तुम्ही सगळ्यांना सांगता. दिली होती, खरे आहे. पण आपल्या लोकांत दिलेली वस्तू कधी दिली गेली असे धरतात, ते मी तुम्हाला शिकवायला नको. घेणाऱ्याच्या घरच्यांनी आभाराची बाटली आणायची, साक्षीदारांसमोर ती उघडायची, देणाऱ्याने प्यायची; तेव्हा देणे पुरे होते. तुमच्या घरून बाटली आली नाही. म्हणजे गाडी तेव्हाही माझी होती, आणि सेरवा गेल्यावर आजही माझीच आहे.

तिचे वर्ष होण्याआधी मी गाडी न्यायला येणार. तोवर चारही हवेच्या पिशव्या परत जागच्या जागी बसवून ठेवाव्यात.

एबो क्वान्सा


ब्राकुमासो
१३ जून

जावईबापू,

तुमचं पत्र अम्पोन्सा मास्तरांनी मला तीनदा वाचून दाखवलं. पहिल्यांदा मला कळावं म्हणून, दुसऱ्यांदा शेजारच्या बायकांना कळावं म्हणून, आणि तिसऱ्यांदा मास्तरांनाच गोडी लागली म्हणून. तुम्ही किनाऱ्यावरची फान्टी माणसं लिहिता मात्र देखणं. मासा शिळा का असेना, ताटात मांडावा तुम्हीच.

मला अक्षर येत नाही हे तुम्हाला माहीत आहे. मी बोलते, मास्तर लिहितात. मध्येच पेन थांबवून म्हणतात, "दुफीबाई, जावयाला असं लिहू नये." मी म्हणते, लिहा. तेव्हा या कागदात जे जे सौम्य वाटेल ते मास्तरांचं, बाकीचं माझं. फोन का नाही केला म्हणाल, तर फोन तुम्ही ठेवून देता. कागद ठेवून दिला तरी बोलत राहतो.

आता गाडीचं. सेरवाचा चाळिसावा झाला आणि तुम्ही काळी कापडं घडी करून टेमाला निघून गेलात. गाडी माझ्या अंगणात, नीमाच्या झाडाखाली, पोट जमिनीला टेकवून पडलेली. एकदा मागे वळून तरी बघायचं होतं! पाच महिने ती तशीच. कोंबडीला खाली शिरायला फट नाही. शेळ्या टपावर चढून पाला ओरबाडायच्या. येणारा जाणारा विचारी, "दुफीबाई, तुमची गाय उठत का नाही? काही खाऊ घालता की नाही?" मी हसायची. हसता हसता काय वाटायचं ते तुम्हाला सांगायची मला हौस नाही.

मग येबोआने ती ट्रकवर घालून सुआमेला नेली. तिथल्या ओडुरो फिटरचा निरोप आला: हवेच्या पायांना आपली लाल धूळ मानवत नाही. नवीन पिशव्या घातल्या तरी दोन वर्षांनी पुन्हा इथेच याल. लोखंड घाला, लोखंडाची हवा जात नाही. मी सांगितलं, घाल लोखंड. गाडी परत आली ती चार पायांवर ताठ. पुढे एक पिवळा दिवा तेवढा सारखा पेटलेला असतो. ओडुरो म्हणतो, गाडीला अजून वाटतं तिचे जुने पाय जागेवर आहेत आणि दुखतायत. येबोआने त्यावर चिकटपट्टी लावली. मला तसं लावता येत नाही.

तुम्ही म्हणता गाडी खाली बसायची, केवढी शोभा! बसायची तर. गेल्या बारा नोव्हेंबरलाही बसली, बटण न दाबता. लाकडाच्या वखारीच्या वळणावर, चिखलात, माझी लेक आत छाती धरून कण्हत असताना. दुसरं वाहन मिळेपर्यंत सव्वा तास गेला. डॉक्टर म्हणाले, "थोडं आधी आणलं असतं तर वाचली असती." चाक तुमच्या हातात होतं, जावईबापू. असले पाय मी कापले, तर तुम्हाला राग येतो?

राहिली बाटली. बाटली आणली होती. श्नॅप्स दारूची, चौकोनी, हिरवी. तुमच्या पेन्टसिल मामांनी सगळ्यांदेखत उघडली आणि एकट्यांनी संपवली. नंतर खुर्चीतच झोपले, तोंड उघडं टाकून. विचारा त्यांना.

आणि हे नीट वाचा. सेरवाची धाकटी बहीण आफ्रिये गरोदर आहे. जुळी आहेत. घरी बाळंत व्हायचं नाही असं हॉस्पिटलने बजावलंय. ऑक्टोबरात दिवस भरतात. रस्ता तोच, वळणही तेच. या गावात कळ आली की उठून धावेल असं हे एकच वाहन आहे. मी त्या वळणावर दुसरी लेक बसू देणार नाही. गाडी माझ्या अंगणातून हलणार नाही.

आफुआ दुफी, जिचा अंगठा खाली आहे


टेमा
३० जून

सासूबाई,

पत्र मिळाले. पेन्टसिल मामांना विचारले. ते मेथडिस्ट चर्चचे वडीलधारे आहेत आणि एकतीस वर्षांत त्यांनी दारूच्या थेंबाला स्पर्श केलेला नाही. आमच्या लग्नातही त्यांनी मिनरल पाणी घेतले होते आणि तुम्हीच त्यावरून त्यांची टिंगल केली होती. खोटे बोलायचेच तर निदान पिणारा माणूस तरी निवडायचा.

आता हे पत्रांनी मिटणारे नाही. २६ ऑगस्टला, रविवारी, मी माझ्या कुळाची चार माणसे घेऊन ब्राकुमासोला येतो. तुमच्या कुळप्रमुखांनाही बोलवा. दोन्हीकडच्यांसमोर विचारू, बाटली कोणी आणली आणि कोणी प्यायली.

एक गोष्ट मात्र आजच लिहून ठेवतो. काढलेल्या पिशव्या मोडीत द्यायच्या नाहीत. ओडुरोकडे असतील तर त्याला सांगा, जपून ठेव, कापू नको, जाळू नको. विशेषतः पुढची उजवी. ती मला जशीच्या तशी हवी आहे.

स्प्रिंगांचे कौतुक तुम्ही पुष्कळ केलेत. गाडी ताठ उभी राहते म्हणता. तेवढ्या उंचीवर सेरवाला पाऊलसुद्धा टाकता आले नसते. पण आता त्याचे काय.

त्या दिवसाबद्दल तुम्ही जे लिहिले त्याला मी उत्तर देणार नाही.

एबो क्वान्सा


ब्राकुमासो
११ जुलै

जावईबापू,

मामा पीत नाहीत? बरं. मग मामांच्या शेजारी बसलेला तो जाडा माणूस असेल. म्हातारीला सगळ्या फान्टींची तोंडं सारखीच दिसतात. मास्तर मान हलवतायत. हलवू देत.

तुमच्या पत्रात मला एकच ओळ खुपली, पिशव्या जपा म्हणणारी. मोडीतल्या रबरावर एवढी माया कशाला? म्हटलं, यात काहीतरी आहे. येबोआला पुन्हा सुआमेला धाडलं. ओडुरोने माळ्यावरून पिशव्या काढून दाखवल्या. आणि मग मला कळलं तुम्ही काय लपवत होतात.

ठिगळं! पुढच्या उजव्या पिशवीला, जिच्यावर माझी लेक बसायची त्याच बाजूला, सात ठिगळं. येबोआने मोजली. एक तर सायकलच्या ट्यूबचं. बंदरावर एवढे मोठे क्रेन दुरुस्त करणारा माणूस, लोक तुम्हाला टाय लावून नमस्कार करतात, आणि घरच्या बाईला बसवता ते सायकलच्या ट्यूबवर? त्या पिशवीत दम नाही हे तुम्हाला माहीत होतं. एकदा नाही, सात वेळा माहीत होतं. तरी तिला त्यात घालून आमच्याकडे आणलंत, वर गाडी बसवून दाखवलीत, उठवून दाखवलीत, पोरांकडून टाळ्या घेतल्यात.

आतापर्यंत मी तुम्हाला गर्विष्ठ समजत होते. गर्वाचं मला वावडं नाही, आमच्या घरात तो पोतंभर आहे. पण कंजूषपणाने माझी लेक मेली असेल, तर जावईबापू, २६ तारखेला तुम्ही चार माणसं आणा नाहीतर चाळीस.

उंचीचं काय लिहिलंत? मी अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. ताडीच्या रिकाम्या क्रेटवर पाय देते, दाराला धरते आणि चढते. परवा येबोआ म्हणाला, मावशी, उचलून ठेवतो. मी त्याला काठी दाखवली. आमच्या घरातली बाई आयुष्यात एकदाच उचलली जाते, आणि तेव्हा तिला ते कळत नाही. माझ्या आईने मला हे सांगितलं, मी माझ्या लेकींना.

ओडुरोला निरोप दिलाय. पिशव्या ठेव. मला त्या पुरावा म्हणून हव्यात.

आफुआ दुफी


टेमा
२० जुलै

सासूबाई,

ठिगळे सात नाहीत, नऊ आहेत. दोन घडीच्या आत आहेत, तुमच्या येबोआला दिसली नसतील.

२६ ऑगस्टला येतो.

एबो


ब्राकुमासो
१९ ऑगस्ट

एबो,

हे पत्र मास्तरांना मी एका दमात सांगतेय आणि त्यांना बजावलंय, एक शब्द मऊ केलात तर तुमचं जेवण बंद.

तुझ्या त्या दोन ओळींनी मला महिनाभर झोपू दिलं नाही. नऊ आहेत म्हणे! असं कोण लिहितं? चोर चोरी सातची असताना नऊची कबूल करतो का? माझा संताप संताप झाला. म्हटलं, स्वतः जाते. पिशवी आणते आणि तुझ्या मामांच्या पायाशी टाकते.

गुरुवारी सुआमेला गेले. ओडुरो मला बघून उभाच राहिला. गाडी घेऊन येबोआ गेला होता, मी नाही, त्यामुळे ती ओळखीची गाडी आता कोणाच्या घरी आहे ते त्याला ठाऊक नव्हतं. माझं तोंड बघितलं आणि म्हणाला, "तुम्ही त्या मॅडमच्या आई. हनुवटी तीच." मी म्हटलं, हनुवटीचं नंतर. आधी ती पिशवी पाण्यात घाल, हवा भर, आणि कुठल्या ठिगळातून बुडबुडे येतात ते मला दाखव. मी त्याच्यावर बोट ठेवणार आहे, साक्षीदारांसमोर.

त्याने टपात पाणी भरलं. नळी जोडली. पिशवी फुगली, त्याने ती दाबून पाण्याखाली धरली. मी टपाच्या काठाला धरून वाकले. ठिगळं वर आली, काळी, गोल, कडा घासून घासून गुळगुळीत केलेल्या. प्रत्येकावर पांढऱ्या रंगाने काहीतरी लिहिलेलं. ओडुरो म्हणाला, "तारखा आहेत, आजी. क्रेनवाले असं करतात. काम केलं की तारीख टाकतात." मला अक्षर येत नाही, त्याने एकेक वाचली. नऊ तारखा. सगळ्यात शेवटची नऊ नोव्हेंबर. इथे यायला निघालात त्याच्या आदल्या दिवसाची.

मी बघत राहिले. एकाही ठिगळातून बुडबुडा येईना. मी म्हटलं, हवा कमी आहे. त्याने आणखी भरली. नाही. मग त्याने पिशवी उलटी केली, आणि खालच्या घडीतून, जिथे ठिगळ नव्हतंच, तिथून सरसर बुडबुडे आले. नवीन चीर. बोटाच्या पेराएवढी. ओडुरो म्हणाला, "ही आधी नव्हती. एका खड्ड्यात फाटली. हिला कोणी काही करू शकलं नसतं. बाकीची नऊ बघा, कारखान्यातल्या रबराला लाजवतील."

ऐकतोयस ना? नऊही धरून होती.

तू पिशवी का मागत होतास ते मला तेव्हा कळलं. तुलाही हेच बघायचं होतं. नऊ महिने तू हे पोटात घेऊन फिरतोयस की आपलंच कुठलं तरी ठिगळ सुटलं. आणि मी तुला पत्रांतून दगड मारत होते, अगदी तिथेच नेम धरून.

मी तिथे बसले. ओडुरोने पाणी दिलं, मग जे सांगितलं ते तू मला कधीच सांगितलं नसतंस. दोन वर्षांपूर्वी तुम्ही दोघं त्याच्याकडे गेला होतात. तू म्हणालास, पिशव्या काढ, स्प्रिंगा घाल. स्प्रिंगा काढून बाकावर मांडल्या होत्या. सेरवा गाडीत बसली होती, तिने काच खाली केली, विचारलं, "गाडी किती उंच होईल?" ओडुरोने हाताने दाखवलं. ती म्हणाली, "मग मला आत कोण ठेवणार?" तू म्हणालास, "मी." आणि तिने काय म्हटलं ते ओडुरोला शब्दन् शब्द आठवतं, कारण तो हसला होता आणि तू हसला नव्हतास. ती म्हणाली, "आमच्या घरातली बाई आयुष्यात एकदाच उचलली जाते." स्प्रिंगा परत माळ्यावर गेल्या.

तिचा खुबा इतका झिजला होता हे मला माहीत नव्हतं. आजार हाडांत आहे एवढं माहीत होतं, लहानपणापासूनचा. पण ती दारात उतरायची ती चालत, हसत. गाडी आधी खाली बसायची, मग ती उतरायची. मला वाटायचं, जावई मिरवतोय. लेकीला वाकता येत नव्हतं म्हणून गाडी वाकत होती, हे मला कोणी कळू दिलं नाही. तिने तुला शपथ घातली असणार. घातलीच असणार, मी तिला ओळखते. आणि तू मेलेल्या बायकोची शपथ पाळत जिवंत सासूच्या शिव्या खाल्ल्यास. मूर्ख आहेस. हे मास्तरांनी खोडायचं नाही.

आता बाटलीचं. मी खोटं बोलले. मामा प्यायले नाहीत, जाडा माणूसही प्यायला नाही. बाटली कधी उघडलीच नाही. पण आणली होती हे खरं. तू गाडी घेऊन आलास त्या दिवशी ती माझ्या हातात होती, कापडात गुंडाळलेली. तू बटण दाबलंस, गाडी सगळ्या गावासमोर गुडघे टेकून बसली, लोक ओरडले, नाचले. माझ्या मनात आलं, हा माणूस यंत्राकडून नमस्कार करवतो, याची स्वतःची पाठ मोडत नाही. आत गेले आणि बाटली पेटीत टाकली. तिच्या लग्नाच्या कापडाखाली. तिथेच होती.

टेमाच्या बसच्या ड्रायव्हरबरोबर ती पाठवतेय. तीच, हिरवी, चौकोनी. पोत्यात पुढची उजवी पिशवीही आहे. ड्रायव्हरने विचारलं, आजी, यात काय आहे, मी म्हटलं, जावयाची पाठराखण.

गाडी मला हवी आहे, हे स्वच्छ सांगते. आफ्रियेचे पाय सुजलेत, ऑक्टोबरपर्यंत थांबेल असं वाटत नाही. तू बाटली साक्षीदारांसमोर प्यायलास, तर गाडी सेरवाची झाली, आणि आमच्यात बाईचं ते तिच्या आईच्या कुळाचं, म्हणजे सेरवाची ती माझी. नाही प्यायलास, तर २६ ला तुझी चार माणसं घेऊन ये. मी दोन्ही कुळांसमोर उभी राहून सांगेन की म्हातारी खोटं बोलली, आभार कधी पोचलेच नाहीत, किल्ली ही घे. मग आफ्रियेचं मी बघेन कसं ते.

आणखी एक. शुक्रवारी बाजारात जायचं होतं. मी ताडीच्या क्रेटला लाथ मारली. येबोआला म्हटलं, उचल. त्याला वाटलं मला चक्कर आली. येबोआने काखेत धरलं, मास्तरांनी पाय, आणि मला कसाव्याच्या पोत्यासारखी आत ठेवली. परत येताना भर बाजारात, टोमॅटोवाल्या बायकांसमोर. सगळ्या बघत होत्या. एक फिदीफिदी हसलीसुद्धा.

मी मेले नाही, एबो. एवढंच होतं ते. मला दोन पोरी होत्या, आणि हे मी त्यांना शिकवायला हवं होतं.

आफुआ दुफी


टेमा
२४ ऑगस्ट

सासूबाई,

बाटली पोचली. पेन्टसिल मामांनी नुसती पाहिली, नाक धरून. आराबाने पाहिली. शेजारच्या दोघांनी पाहिली. पहिला घोट सेरवाच्या नावाने जमिनीवर ओतला. उरलेली मी प्यायलो. लग्नाच्या कापडाचा कापूरवास लागला होता, फारच वाईट चव होती. आभार पोचले असे समजावे.

गाडीचे कागद याच ड्रायव्हरबरोबर पाठवत आहे. खाली माझी सही आहे. तुमच्या अंगठ्याला जागा सोडली आहे.

पिशवी मी काल बंदरावर नेली आणि स्वतः पाण्यात घालून पाहिली. तुमच्यावर विश्वास नव्हता असे नाही. म्हणजे, नव्हताच, मामांच्या बाटलीनंतर कोण ठेवील? नऊही ठिगळे तासभर दाबून धरली. तुम्ही लिहिले तसेच आहे.

बटण मीच दाबत असे, दारात गाडी थांबली की. ते लोकांना दाखवायला नव्हते. पण लोक टाळ्या वाजवत तेव्हा तिला हसू येई, म्हणून मी पोरांना कधी हाकलले नाही.

स्प्रिंगांचा आवाज येऊ लागला तर वरचे रबर बघायला सांगा, ओडुरो ते नेहमी जुनेच घालतो. मी आल्यावर पाहीनच.

२६ ला येतो. कुळ आणत नाही. आफ्रियेला कळ आली तर चाक माझ्या हातात द्यायचे की नाही हे तुम्ही ठरवा. ते मी मागणार नाही.

मात्र तुम्हाला उचलायला दोन माणसे लागतात असे लिहिले आहे, आणि मास्तर म्हातारे झाले आहेत. तेव्हा एक मी. काखेकडून की पायांकडून, ते येबोआशी भांडून ठरवीन.

एबो